आपेर यांची बाटली

किराणा दुकानाच्या फळीवर तुम्ही आमरसाचे डबे पाहिले असतील. हापूस आंब्याचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. पण डब्यातला रस भर पावसातही मिळतो आणि थंडीतही मिळतो. रत्नागिरीकडच्या एखाद्या बागायतदाराला विचारा. तो सांगेल, की मोठे, देखणे फळ पेटीत भरून बाजारात जाते आणि लहान किंवा डागी फळ कॅनिंगला जाते. कॅनिंग हा शब्द तिकडे आता इतका रुळला आहे, की तो परका आहे असे कुणाला वाटतही नाही. अन्न हवाबंद भांड्यात भरायचे, त्या भांड्यासकट त्याला उष्णता द्यायची आणि मग ते महिनोन्‌महिने तसेच ठेवायचे, याला कॅनिंग म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून आला. युक्ती मात्र एका फ्रेंच हलवायाची. आणि ती त्याने पत्र्याच्या डब्यात नव्हे, काचेच्या बाटलीत शोधून काढली.

या हलवायाचे नाव निकोला आपेर. इंग्रजी पुस्तकांवरून आपल्याकडे ते अ‍ॅपर्ट असेही लिहितात; फ्रेंच लोक शेवटच्या अक्षराचा उच्चार करीत नाहीत, म्हणून आपण आपेरच म्हणू.

अन्न टिकवण्याची धडपड माणूस फार जुन्या काळापासून करीत आला आहे. तुमच्या घरातच पाहा. कैरीचे लोणचे मीठ आणि तेलात मुरते. आवळ्याचा मुरंबा साखरेच्या पाकात राहतो. बोंबील उन्हात वाळवून ठेवतात. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, त्यांना मीठ-हळद लावून दोरीवर सुकवतात. हे सगळे उपाय चांगले आहेत. पण त्यांत एक अडचण आहे. लोणच्यातली कैरी ही कैरी राहत नाही, तिचे लोणचे होते. वाळलेला बोंबील चवीला ताज्या बोंबलासारखा लागत नाही. ताज्या अन्नाची चव आणि त्याचा मऊपणा तसाच ठेवून ते वर्षभर टिकवणे कुणालाच जमले नव्हते.

जमिनीवरच्या माणसाला याची फारशी खंत नव्हती. एक भाजी संपली, की दुसरी येते. खरे हाल होत ते खलाशांचे. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी शिडाची जहाजे महिनोन्‌महिने समुद्रावर असत. खलाशांना रोज खारवलेले मांस आणि दगडासारखी कडक बिस्किटे खावी लागत. ताजी फळे आणि भाज्या न मिळाल्याने त्यांना स्कर्व्ही नावाचा रोग होई. हिरड्या सुजत, दात हलू लागत, अंगातले त्राण जाई आणि पुष्कळ जण दगावत. लढाईपेक्षा या रोगाने अधिक खलाशी मेले, असे दर्यावर्दी देशांचा इतिहास सांगतो.

अशा काळात, १७ नोव्हेंबर १७४९ रोजी, फ्रान्सच्या शांपान्य प्रांतातील शालों या गावी निकोला आपेर यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांची प्रवाशांसाठी एक खानावळ होती. प्रवासी यायचे, घोडे बांधायचे, जेवायचे, रात्रभर मुक्काम करायचे आणि सकाळी पुढे जायचे. अशा घरात मुलाला खेळण्याआधी चूल कळते. लहानग्या निकोलाने तळघरातली पिंपे पाहिली, बाटल्यांना बुचे कशी घट्ट बसवतात ते पाहिले, मांस आणि लोणी कशा हवेत लवकर खराब होते तेही पाहिले. त्यांचा प्रांत शॅम्पेन नावाच्या मद्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या मद्याला आतून जोराचा फेस येतो. म्हणून त्याच्या बाटल्या जाड काचेच्या करतात आणि त्यांचे बूच तारेने आवळून बांधतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

शाळेपेक्षा आपेर यांचे शिक्षण भटारखान्यातच जास्त झाले. तरुणपणी ते एका जर्मन संस्थानिकाच्या पदरी मुदपाकखान्यावर नोकरीला राहिले आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीकडेही काही वर्षे होते. बड्या घरच्या मेजवान्या, शेकडो पाहुणे, नाना तऱ्हेचे पदार्थ यांत त्यांचा हात चांगला तयार झाला. मग १७८४ मध्ये ते पॅरिसला आले आणि लोंबार नावाच्या रस्त्यावर त्यांनी मिठाईचे दुकान थाटले. दुकान चांगले चालले. लग्न झाले, मुले झाली.

हलवायाचा धंदा म्हणजे एका अर्थी फळे टिकवण्याचाच धंदा. फळ पाकात घातले, की टिकते. परंतु आपेर यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. साखरेने फळाची मूळ चव दबून जाते, मिठाने मांस खारट होते, सिरक्याने भाजी आंबट होते. शिवाय त्या काळी साखर महाग होती. गरिबाने मुरंबा करायचा कशाचा? मीठ नाही, साखर नाही, सिरका नाही आणि तरीही अन्न टिकेल, असे काही करता येईल का, हा प्रश्न त्यांना सुटू देईना.

इतक्यात देशातच मोठे वादळ उठले. १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. आपेर क्रांतीच्या बाजूचे होते. आपल्या भागातील सभांमध्ये ते हिरिरीने काम करीत. पण क्रांतीने पुढे आपलीच माणसे खायला सुरुवात केली. कोण कुणावर केव्हा संशय घेईल याचा नेम राहिला नाही. १७९४ मध्ये आपेर यांनाही पकडण्यात आले. त्या दिवसांत तुरुंगात गेलेली पुष्कळ माणसे परत आली नाहीत. त्यांची डोकी उडाली. आपेर काही महिने कैदेत राहिले आणि सुदैवाने सुटले. सुटल्यावर त्यांनी राजकारणाचा फारसा नाद केला नाही. पॅरिस सोडून ते जवळच्या ईव्री गावी राहायला गेले आणि आपल्या प्रयोगांना लागले. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीसच्या पुढे होते. या वयात माणसे जमलेला धंदा सांभाळतात. यांनी जमलेला धंदा सोडला.

१८०२ च्या सुमारास त्यांनी मासी या गावी कारखाना काढला. मासी पॅरिसपासून दूर नाही. कारखान्याभोवती त्यांनी भाज्यांची लागवड केली. त्यामागे विचार होता. मटार तोडल्यापासून जितका वेळ जातो, तितकी त्याची गोडी कमी होते. म्हणून शेत आणि भट्टी शेजारी-शेजारी हवी. सकाळी तोडलेला मटार त्याच दिवशी बाटलीत गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आता त्यांची पद्धत नीट समजून घ्या. ऐकायला सोपी आहे. करायला सोपी नाही.

आधी बाटली. ती जाड काचेची हवी आणि तिचे तोंड जरा रुंद हवे. शॅम्पेनच्या बाटल्यांचा अनुभव येथे उपयोगी पडला. बाटली स्वच्छ धुवायची. तिच्यात मटार, शेंगा, फळे किंवा अर्धवट शिजवलेले मांस भरायचे. काठोकाठ भरायचे नाही, कारण तापल्यावर आतला रस फुगतो आणि जागा नसेल तर बाटली फुटते. मग बूच. आपेर यांनी आपल्या पुस्तकात बुचावर जितके लिहिले आहे, तितके कदाचित मटारावर लिहिले नसेल. बूच उत्तम जातीचे हवे, ते दाबून मऊ केलेले हवे, लाकडी थापीने ठोकून घट्ट बसवलेले हवे आणि वरून तारेने आवळलेले हवे. रुंद तोंडाच्या बाटलीला पुरेसे मोठे बूच मिळत नसे; तेव्हा ते बुचाचे तुकडे माशापासून केलेल्या सरसाने एकमेकांना चिकटवून मोठे बूच तयार करीत. तरीही एखादी बारीक फट राहू नये म्हणून चुना आणि मऊ चीज एकत्र मळून त्याचा लेप देत. चुन्याचा लेप आपल्या गवंड्यांना माहीत आहे. पण चीज घालून केलेला लेप हलवायालाच सुचू शकतो.

नंतर प्रत्येक बाटली जाडसर कापडाच्या पिशवीत घालायची. बाटल्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत आणि एखादी फुटलीच तर काचा सगळीकडे पसरू नयेत, यासाठी ही पिशवी. या पिशव्या मोठ्या हंड्यात उभ्या लावायच्या, हंड्यात थंड पाणी भरायचे, झाकण ठेवायचे आणि खालून जाळ करायचा. पाण्याला उकळी आली, की घड्याळ पाहायचे. कोणत्या पदार्थाला किती वेळ उकळी द्यायची हे आपेर यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून ठरवले होते. मटाराचेच उदाहरण घ्या. हवा थंड आणि दमट असेल, तर दीड तास पुरे. हवा कोरडी आणि गरम असेल, तर दोन तास. त्या वर्षी पाऊस कसा झाला, मटार किती कोवळा आहे, हे पाहून ते वेळ ठरवीत. वेळ संपली की जाळ विझवायचा. परंतु बाटल्या लगेच बाहेर काढायच्या नाहीत. थोड्या वेळाने तोटी उघडून हंड्यातले पाणी सोडायचे, आणखी थोड्या वेळाने झाकण काढायचे आणि मग सावकाश बाटल्या उचलायच्या. गरम काचेला थंड वारा लागला तर एवढी मेहनत एका क्षणात फुकट जाते.

अशा रीतीने त्यांनी मटार, शतावरीचे कोंब, फळे, दूध, अंडी, पक्ष्यांचे आणि गुरांचे मांस, मांसाचा रस्सा, सगळे बाटल्यांत बंद करून पाहिले. काही बाटल्या फुटल्या, काही आंबल्या. प्रत्येक वेळी चूक कोठे झाली ते त्यांनी शोधले. बूच सैल होते का? भाजी शिळी होती का? उकळी कमी पडली का? यापलीकडचे, म्हणजे अन्न मुळात नासते का, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या काळी ते जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हते. आपेर शास्त्रज्ञ नव्हते. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, विद्यापीठाची पदवी नव्हती. होते ते फक्त स्वयंपाक्याचे नाक आणि जीभ, आणि दहा वर्षे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करून पाहण्याची चिकाटी.

नेपोलियनच्या अमलात फ्रान्सच्या लढाया चालूच होत्या. फौज आणि आरमार यांना अन्न पुरवणे ही सरकारची मोठी डोकेदुखी होती. आपेर यांनी आपल्या बाटल्या आरमाराकडे तपासणीसाठी पाठवल्या. ब्रेस्त बंदरात त्या काही महिने ठेवून मग उघडण्यात आल्या. रस्सा चांगला निघाला. मटार आणि शेंगा तर ताज्या भाजीसारख्या लागल्या. आरमाराचा अहवाल अनुकूल आला. पॅरिसमधील खवय्यांनीही त्यांच्या मटाराची वाहवा केली. तरी १८०६ च्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनात आपेर यांनी माल मांडला, तेव्हा त्यांना पारितोषिक मिळाले नाही. कौतुक होत होते. पैसा मात्र येत नव्हता. बाटल्या महाग, बुचे महाग, सरपण महाग. कर्ज वाढत होते.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. पुष्कळ पुस्तकांत असे छापलेले असते, की नेपोलियनने अन्न टिकवण्याची स्पर्धा लावली, मोठे बक्षीस जाहीर केले आणि आपेर यांनी ती स्पर्धा जिंकली. गोष्ट ऐकायला झकास आहे. पण ज्यांनी जुनी दफ्तरे धुंडाळली, त्यांना अशा स्पर्धेचा पुरावा मिळालेला नाही. खरी हकीकत वेगळी आहे आणि माझ्या मते ती अधिक मोलाची आहे.

घडले ते असे. आपेर यांनी स्वतःहून सरकारकडे मदत मागितली. सरकारने जाणकारांची एक समिती नेमली. तिच्यात गे-ल्युसाक यांच्यासारखे नामवंत रसायनशास्त्रज्ञ होते. समितीने बाटल्या तपासल्या आणि पद्धत खरी असल्याचा निर्वाळा दिला. मग आपेर यांच्यापुढे दोन वाटा ठेवण्यात आल्या. पहिली वाट पेटंटची. पेटंट घेतले, की काही वर्षे त्यांच्या परवानगीशिवाय कुणालाही या पद्धतीने माल करता आला नसता. प्रत्येक कारखानदाराला त्यांना पैसे द्यावे लागले असते. दुसरी वाट अशी, की सरकारने त्यांना एकरकमी १२,००० फ्रँक द्यावेत. त्याच्या बदल्यात त्यांनी आपली सगळी पद्धत, काही हातचे न राखता, पुस्तकात छापावी आणि त्या पुस्तकाच्या २०० प्रती स्वखर्चाने सरकारला द्याव्यात. म्हणजे ज्याला वाचता येते, त्या प्रत्येकाला ती विद्या मोफत.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? घाईने उत्तर देऊ नका. आपेर तेव्हा साठ वर्षांचे होते. डोक्यावर देणे होते. हातात असलेले एकच भांडवल म्हणजे ती युक्ती. एकदा छापली, की ती परत घेता येणार नव्हती.

आपेर यांनी दुसरी वाट धरली. ३० जानेवारी १८१० रोजी गृहमंत्री मोंतालिव्हे यांनी त्यांना रक्कम मंजूर केल्याचे कळवले आणि त्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. प्राण्यांपासून व वनस्पतींपासून मिळणारे सर्व पदार्थ कित्येक वर्षे टिकवण्याची कला, असे त्याचे लांबलचक नाव. त्यात त्यांनी खरोखरच काही लपवले नाही. बुचापासून तोटीपर्यंत आणि दुधापासून मांसापर्यंत सगळे सांगितले. मोठमोठे कारागीर आपल्या हातचा शेवटचा मसाला मुलालाही सांगत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या पुस्तकाची किंमत कळते. केवळ देण्याच्या इच्छेनेच त्यांनी हे केले, असे मी म्हणणार नाही. त्यांना पैशाची तातडीने गरज होती, हेही खरे. परंतु घेतलेल्या पैशाच्या मानाने त्यांनी दिले फार.

पुस्तकाचे लगेच जर्मन आणि इंग्रजी भाषांतर झाले. आणि याच ठिकाणी आपेर यांच्या आयुष्यातली विचित्र गोष्ट सुरू होते. पुस्तक बाहेर पडून थोडेच महिने झाले होते. २५ ऑगस्ट १८१० रोजी लंडनमध्ये पीटर ड्युरँड नावाच्या व्यापाऱ्याने जवळजवळ याच पद्धतीचे इंग्लंडचे पेटंट घेतले. ही कल्पना परदेशात राहणाऱ्या एका परक्या माणसाकडून आपल्याला मिळाली, असे त्याने अर्जात मान्य केले होते. त्या माणसाचे नाव मात्र दिले नव्हते. आपेर यांनी जे फुकट वाटले, त्याचा मालक समुद्रापलीकडे दुसराच झाला.

ड्युरँडच्या पेटंटमध्ये एक नवी गोष्ट होती. काच, माती यांबरोबरच त्याने टिनच्या भांड्यांचा उल्लेख केला होता. टिनचे भांडे म्हणजे काय? लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथिलाचा मुलामा दिलेला असतो. कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला जी कल्हई करतो, ती याच कथिलाची. कथिलामुळे अन्नाचा लोखंडाशी संबंध येत नाही आणि पत्रा गंजत नाही. असा डबा पडला तरी फुटत नाही, बाटलीपेक्षा हलका असतो आणि जहाजावर रचून ठेवता येतो. ड्युरँडने स्वतः कारखाना काढला नाही. त्याने ते पेटंट विकून टाकले. ब्रायन डाँकिन आणि त्यांच्या भागीदारांनी १८१३ मध्ये लंडनजवळ बर्मंडसी येथे डबाबंद अन्नाचा कारखाना सुरू केला आणि इंग्रजांच्या आरमाराला माल पुरवायला सुरुवात केली. म्हणजे फ्रान्सच्या हलवायाची विद्या फ्रान्सशी लढणाऱ्या खलाशांच्या ताटात गेली!

सुरुवातीचे डबे हाताने बनवीत. कारागीर पत्रा कापायचा, वाकवायचा आणि सांधे डाख देऊन जोडायचा. डबे इतके जाड असत, की ते उघडायला छिन्नी आणि हातोडा लागे. गंमत पाहा, डबा निघाल्यावर डबा उघडण्याचे खास हत्यार निघायला चाळीसहून अधिक वर्षे लागली!

इकडे आपेर यांचे ग्रह फिरले. नेपोलियन हरू लागला. १८१४ मध्ये आणि पुन्हा १८१५ मध्ये शत्रूच्या फौजा पॅरिसपर्यंत आल्या. मासीचा कारखाना लष्कराने इस्पितळासाठी ताब्यात घेतला. बाटल्या, हंडे, भट्ट्या, सगळ्याची वाताहत झाली. बारा वर्षांच्या कष्टांतून उभे केलेले सारे गेले. आपेर तेव्हा पासष्ट वर्षांचे होते.

त्यांनी हात टेकले नाहीत. १८१४ मध्येच ते लंडनला जाऊन आले. तेथे डबाबंद अन्नाचा धंदा किती वाढला आहे हे त्यांनी पाहिले. इंग्लंडचा पत्रा फ्रान्सच्या पत्र्यापेक्षा सरस आहे, हे त्यांनी मोकळ्या मनाने मानले. परत येऊन त्यांनी स्वतः पत्र्याच्या डब्यांवर काम सुरू केले. जी सुधारणा दुसऱ्याने आपल्या शोधावर केली, ती शिकून घ्यायला या म्हाताऱ्या माणसाला कमीपणा वाटला नाही. सरकारने त्यांना पॅरिसमधील एका जुन्या इमारतीत बिनभाड्याची जागा दिली. तेथे त्यांनी मोठमोठ्या डब्यांत मांस टिकवून दाखवले. वाफेचा दाब धरून ठेवणाऱ्या बंद भांड्यांवरही त्यांनी प्रयोग केले. तुमच्या घरातला प्रेशर कुकर ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे तत्त्व. पाणी उघड्या भांड्यात १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही. दाबाखाली ते त्याहून अधिक तापते आणि त्यामुळे अन्न अधिक खात्रीने टिकते.

१८२२ मध्ये फ्रान्समधील उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेने त्यांना मानवजातीचे उपकारकर्ते ही पदवी दिली. पदवी मोठी होती. पण तिने भट्टी पेटत नाही. १८२७ मध्ये पॅरिसमधील जागाही सोडावी लागली. तरी काम चालूच राहिले. १८३१ मध्ये, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, त्यांनी आपल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली आणि मधल्या वीस वर्षांत जे नवे शिकले, तेही त्यात उघडपणे लिहून टाकले. पुन्हा काही राखून ठेवले नाही! १८३६ मध्ये धंदा दुसऱ्याच्या हाती सोपवून ते मासीला परतले. १ जून १८४१ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. जवळ पैसा उरला नव्हता. गरिबांना एकत्र पुरतात त्या सामाईक कबरीत त्यांना पुरण्यात आले.

त्यांच्या बाटलीतले अन्न का टिकत होते, हे कोडे अजून सुटले नव्हते. समितीतल्या गे-ल्युसाक यांनी बाटल्यांतील हवा तपासली होती. तिच्यात ऑक्सिजन आढळला नाही. म्हणून त्यांनी अनुमान काढले, की अन्न ऑक्सिजनमुळे नासते आणि उकळल्याने तो नाहीसा होतो. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे मत; ते पुष्कळ वर्षे सर्वांनी मानले. ते बरोबर नव्हते. खरे कारण लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिले. हवेत, पाण्यात, भाजीवर, आपल्या हातांवर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात. ते अन्नावर वाढतात, म्हणून अन्न आंबते आणि सडते. उष्णतेने ते मरतात आणि बूच घट्ट असेल तर नवे जीव आत शिरू शकत नाहीत. आपेर यांनी नेमक्या याच दोन गोष्टींवर, जाळावर आणि बुचावर, आपले आयुष्य घालवले होते. पाश्चर यांनी त्यांचे ऋण मान्य केले. योगायोग असा, की ज्या १८२२ साली आपेर यांना उपकारकर्त्याची पदवी मिळाली, त्याच साली पाश्चर यांचा जन्म झाला होता.

कारण कळले नव्हते तोवर कारखानदारांच्या चुकाही होत राहिल्या. इंग्लंडमध्ये आरमारासाठी फार मोठ्या आकाराचे डबे भरू लागले. बाहेरचे मांस शिजे. परंतु डब्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचत नसे. १८५२ मध्ये आरमाराच्या गुदामातील असे डबे उघडले, तेव्हा बहुतेक डब्यांतून सडलेले, दुर्गंधी मांस निघाले आणि देशभर ओरड झाली. आपेर यांनी प्रत्येक पदार्थाची आणि प्रत्येक आकाराची वेळ वेगळी का ठरवली होती, ते तेव्हा लोकांना उमगले. काही सूक्ष्म जीव तर फार चिवट असतात. ते बीजाणूंच्या रूपात उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि बंद डब्यात विष तयार करतात. म्हणून आता मांस, मासे आणि भाज्यांचे डबे दाबाखाली, साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आंब्याचा रस आंबट असल्याने त्यात हे जीव वाढत नाहीत. त्याला कमी उष्णता पुरते. एक गोष्ट मात्र घरी नक्की सांगा. विकत आणलेला डबा दोन्ही बाजूंनी फुगलेला दिसला, तर तो उघडूही नये आणि चाखून तर मुळीच पाहू नये.

नीट भरलेला डबा किती टिकतो? १८२४ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात विल्यम पॅरी यांची मोहीम गेली होती. तिच्याबरोबर नेलेला भाजलेल्या वासराच्या मांसाचा एक डबा न उघडता परत आला आणि संग्रहालयात पडून राहिला. शंभराहून अधिक वर्षांनी शास्त्रज्ञांनी तो उघडला. आतले मांस सुस्थितीत होते. ते प्राण्यांना खाऊ घालून पाहिले. त्यांना काही अपाय झाला नाही.

१९५५ मध्ये फ्रान्सने आपल्या संशोधकांची तिकिटे काढली, त्यांत आपेर यांचे तिकीट आहे. अमेरिकेतील अन्नशास्त्रज्ञ १९४२ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक देत आले आहेत. आणि इंग्रजीने या विद्येला डब्यावरून नाव दिले असले, तरी फ्रेंच भाषेत अन्न बंद भांड्यात तापवून टिकवण्याच्या क्रियेला आपेर्तिझासियों म्हणतात. मासीच्या त्या हलवायाचे नाव त्या शब्दात आहे.